पोटरीवरचे काळे मोजे

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, मारुतीच्या पारावर बसून मारुतीलाही नाही — त्याला ठाऊक असेल तर तो गप्प आहे, एवढंच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. जे ओळखतात त्यांना सांगून उपयोग काय? आमच्या मेडशी गावात माझ्या तोंडून निघालेलं खरं मानायची पद्धतच नाही.

आणि चूक त्यांची नाही. मीच तसं करून ठेवलंय. मेडशी ते आमचं वाशिमकडचं मालेगाव मी एसटीच्या पुढे पळालो आणि मालेगावच्या स्टँडवर कंडक्टरने खाली उतरून माझ्याकडे तिकीट मागितलं — हे गावभर मीच सांगितलं. रोह्यांच्या — म्हणजे नीलगाईंच्या — कळपात शिरून पळत होतो तर म्हाताऱ्या रोह्याने मला बाजूला घेऊन सोयरिकीचं विचारलं, हेही मीच. चहाच्या टपरीवर पोरं हसून हसून लोळतात. टपरीवाला म्हणतो, "दिनूभाऊ, जरा दमानं फेका. तुमी पळता अन् धाप आमाले लागते."

हसा, तुम्हीही हसा. मला एक गोष्ट मात्र फार उशिरा कळली. खोटं मोठं असलं की लोक हसतात आणि सोडून देतात. खोटं लहान असलं — एखाद्या शब्दाचं, साधं, खालच्या आवाजातलं — की लोक ते घरी घेऊन जातात. आयुष्यभर मी डोंगराएवढं खोटं बोललो, कुणाचा केसही वाकडा झाला नाही. लहान मात्र दोन-तीनदाच बोललो.

मोज्यांपासून सुरू करतो. तुम्ही पाहिले असतील — पळणारे लोक घोट्यापासून गुडघ्यापर्यंत काळे, घट्ट मोजे घालतात. काहींना तळवाच नसतो, पोटरीवर चढवायची नुसती नळी. आत पाय घालताना माणूस घामाघूम होतो, आणि काढताना वाटतं कातडीच सोलून निघतेय. तसा एक जोड मी मोबाइलवरून मागवला होता. काहून? फोटोत पळणारे त्यात दिसायचे चांगले, दुसरं काय!

तर चाळिशी उलटल्यावर वाशिमला एका मंडळाने शर्यत ठेवली. मालेगाव रस्त्याने जायचं, वळायचं, परत यायचं. मी पळायचो पहिल्यापासून. शेतीतून वेळ काढून गावातल्या पोरापोरींचा सराव घ्यायचो, त्यामुळे नाव द्यावंच लागलं. वळणापर्यंत बरा गेलो. तिथे मनगटावर शाईची खूण मारून घेतली, परत फिरलो, आणि डाव्या नडगीत कुणी खिळा ठोकावा तसं झालं. लंगडत होतो. दसऱ्यानंतरचे दिवस, रस्त्याला सोयाबीनचे ट्रॅक्टर बाजार समितीकडे चाललेले. एक ट्रॉली बाजूने निघाली, अगदी हळू. मी मागच्या फळीला हात घातला. आधी वाटलं, नुसता आधार घ्यावा. मग एक पाय वर गेला. मग दुसराही गेला.

पोत्यांच्या आड बसून मी शर्यतीतला चांगला लांबचा तुकडा काढला. शहराच्या अलीकडच्या वळणावर उतरलो आणि पळत आत शिरलो. माझ्या वयाच्या गटात दुसरा आलो. लोकांनी खांद्यावर घेतलं. कुणीतरी विचारलं, "दिनूभाऊ, या वयात? वळणापाशी तर लंगडत होता ना तुम्ही?"

तेव्हा खरं तर मी हनुमानाचा अंश सांगायला हवा होता. रोह्याचं दूध प्यालो म्हणायला हवं होतं. हसले असते आणि विसरले असते. पण मी दमलो होतो — आणि घाबरलोही होतो, ट्रॉलीवाला कुठे दिसतो का बघत होतो. मी खाली पाहिलं आणि म्हणालो, "हे मोजे."

बस. एवढंच.

तुम्हाला वाटेल, हाच माझा गुन्हा. मलाही पुष्कळ दिवस असंच वाटायचं. किती सोपं होतं ते! ट्रॉलीत बसलो — सांगितलं तर लोक हसतीलच की. कबुली द्यायचीच तर अशी द्यावी, ज्यात आपण थोडे विनोदी दिसतो. मी अजून तिथे पोचलो नाही.

मोज्यांवर आमच्या गावाने विश्वास का ठेवला, तेही सांगायला हवं. आमच्याकडे दुखणं म्हणजे बांधायची गोष्ट. डोकं दुखलं, फडकं करकचून बांधा. सोयाबीन सोंगताना कंबर गेली, ओढणी पोटाला घट्ट गुंडाळा आणि पुढची पात धरा. मनगट सुजलं, चिंधी बांधा. बसायचं नाही, बांधायचं आणि काम उरकायचं — कारण पाऊस आला तर शेंग तडकते, आणि तुमच्या कंबरेसाठी शेंग थांबत नाही. सोंगायला जाणाऱ्या बायका तर हातांवर जुन्या पँटचे पाय नाहीतर फाटके मोजे चढवूनच जातात, काड्या टोचू नयेत म्हणून. तेव्हा पोटरीला गच्च धरणारा मोजा पाहून कुणालाच नवल वाटलं नाही. ज्याला घट्ट बांधलं ते बरं होतं, हे त्यांना आधीच माहीत होतं. मी फक्त दुकानातला माल दाखवला.

पोरापोरींनी ते मोजे आणले. कुणी एक माप लहान आणलं, जास्त आवळावं म्हणून. कुणी एकावर एक दोन जोड चढवले. मी पाहत होतो. मी काय म्हणालो? "शाब्बास" म्हणालो.

आता पुढचं. त्या शर्यतीनंतर माझी नडगी थांबेचना. बोटाच्या पेराएवढी एकच जागा, हाडावर, दाबली की डोळ्यांपुढे काजवे. मी कुणाला न सांगता अकोल्याला गेलो. डॉक्टरने फोटो काढला, उजेडात धरला, हाडाला बारीक तडा दाखवला. म्हणाला, पळणं पूर्ण बंद, नाहीतर एक दिवस हाडाचे दोन तुकडे होतील. मी मोज्यांचं विचारलं — विचारणारच की, गावाला मीच सांगितलं होतं. तो हसला नाही. म्हणाला, घालून बरं वाटतं कित्येकांना, पाय धरल्यासारखा वाटतो, लांब पळाल्यावर दुसऱ्या दिवशी पोटऱ्या कमी ठणकल्या असं सांगणारेही भेटतात. पण त्याने तुम्ही जास्त जोरात पळाल याचा भरवसा मी देणार नाही, आणि तडा गेलेलं हाड मोज्याने सांधत नाही. उलट घट्ट धरल्यासारखं वाटलं की माणूस थांबायचं तिथे थांबत नाही.

शब्द न् शब्द लक्षात आहे माझ्या. विसरलो असतो तर आज काही बोलायची जागा तरी उरली असती.

मी गावात सांगितलं, कामरगावला बहिणीकडे कामासाठी चाललो. तिथे पाय वर करून पडून राहिलो, तुरीच्या डाळीची वरणं खाल्ली, पुरता बरा झालो तेव्हाच परतलो. आल्यावर गावाला काय सांगितलं? कामरगावात माझ्या पायांची पूजा झाली, बायका ओवाळायला रांगेत उभ्या होत्या. सगळे हसले. तडा गेलेल्या हाडाचं नाव कुणी काढलं नाही, कारण ते मी कुणाला दाखवलंच नव्हतं.

आणि आता पल्लवी.

पल्लवी माझ्या मोठ्या भावाची मुलगी. दादा-वहिनीला जमीन थोडी आणि तीही खडकाळ. दिवाळी झाली की दोघं पुण्याकडच्या वीटभट्टीवर जातात, पावसाच्या तोंडावर येतात. पल्लवी लहानपणापासून त्यांच्यासोबत जायची. मी तिला पळताना पाहिलं आणि दादाच्या मागे लागलो — पोरगी माझ्याकडे ठेव. खोटं नव्हतं ते. ती पळायची म्हणजे कशी? माझ्या सगळ्या थापा एकत्र केल्या तरी कमी पडतील, म्हणून सरळ सांगतो — चांगली पळायची. लांबची शर्यत तिची. शेवटच्या चढावर बाकीच्यांची तोंडं उघडी पडायची तेव्हा हिचं मिटलेलं असायचं.

ती तालुक्यात आली, जिल्ह्यात आली. राज्याच्या निवड चाचणीला नाव गेलं. त्यात निवड झाली की वसतिगृह, तिथेच शिक्षण, तिथेच सराव. दादा जीपमध्ये गाठोडं टाकता टाकता तिला म्हणाला, "यंदा होऊन गेलं तर गेलं. नाही तर पुढल्या साली चाल आमच्यासंग. विटा थापायले दोन हात जास्तीचे होतील." आणि वहिनी मला म्हणाली, "भाऊजी, पोरगी तुमच्या हवाली आहे. धावते तर धावू द्या, पन ध्यान ठेवा तिच्यावर."

तर पणाला काय लागलं होतं, हे मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं. एका बाजूला वसतिगृह, दुसऱ्या बाजूला वीटभट्टी. मधे तिची डावी नडगी.

थंडीत दुखायला लागली. ती सांगायची नाही, पण पळून आल्यावर पुलाच्या कठड्यावर बसायची आणि अंगठ्याने एकाच जागी दाबत राहायची. एकाच जागी — समजलं ना तुम्हाला? मला तर लांबूनच समजलं होतं. पोटरी दुखते तेव्हा माणूस पूर्ण पंजाने चोळतो. हाड दुखतं तेव्हा एका बोटाने दाबतो. मी कामरगावात पडून तेच करत होतो.

चाचणीला थोडेच दिवस उरले होते. तिने शेवटी विचारलं. फिरवून नाही, सरळच.

"काका, खरं खरं सांगा. तुमचाबी पाय असाच दुखून राह्यला होता ना वाशिमच्या टायमाले? मंग मोज्यानंच थांबला होता का?"

मी तेव्हा कठड्याला टेकून उभा होतो. रस्त्यावरून एक बस गेली. ती जाईपर्यंत मला वेळ होता. काय काय आलं मनात? नाही म्हटलं तर ती विचारेल, मग कसा थांबला? मग अकोला, मग कामरगाव, मग ट्रॉली. ज्या पोरांसमोर मी छाती काढून उभा राहतो ती टपरीवर मला पाहून हसतील — माझ्या गोष्टीवर नाही, माझ्यावर. हे आलं मनात. आणि हेही आलं, की राज्याला निवडलेली मुलगी कुणाच्या हाताखाली तयार झाली, असं लोक विचारतील.

तिचं हाड मनात आलं का? आलं. सगळ्यांत शेवटी आलं.

मी म्हणालो, "हो."

बघा, किती लहान खोटं. त्याला वजनच नव्हतं. ती एकदम मोकळी झाली, चेहराच सुटला तिचा. मग मी वर म्हणालो, "दोन जोड घालत जाय एकावर एक." हे तिने विचारलंही नव्हतं.

आणि खरं तर मला अकोला, कामरगाव, ट्रॉली, काहीच सांगायची गरज नव्हती. "पळू नको" एवढं म्हणालो असतो तरी ती थांबली असती. ती माझं ऐकायची. मला कारण द्यावं लागलंच नसतं. हे मला तेव्हा सुचलं नाही असं लिहिणार होतो. सुचलं होतं.

चाचणीच्या दिवशी ती सकाळी मोजे घालून तयार होती. मधे तोंड धुवायला गेली तेव्हा ते भिजले म्हणून काढले, झटकले, पुन्हा घातले. मैदान म्हणजे माळरानच, चढ-उताराचं, दगडगोट्यांचं. मी शेवटच्या चढाशी उभा होतो. ती पुढच्या घोळक्यात आली, तोंड मिटलेलं. पण ते मिटणं वेगळं होतं, दात आवळलेले होते. माझ्यासमोरून गेली तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं नाही. चढ संपला आणि उतारावर तिचा पाय पडला, आणि ती — पडली नाही, खाली बसली. लहान मूल रुसून बसतं तशी. मग ओरडली.

एवढ्या थापा मारल्या मी, पण त्या ओरडण्यासारखं काही मला कधी सांगता येणार नाही, आणि सांगायचंही नाही.

दवाखान्यात नर्सने कात्रीने मोजे कापले. दोन्ही जोड. ते उघडले तशी खालची कातडी दिसली — विणीचे सगळे वळ उठले होते तिच्या पोटरीवर, गुडघ्याखाली तर पट्ट्याचा खड्डाच पडला होता, बोट बसेल एवढा. मी पाहिलं. मी तिथेच होतो, पायापाशी. पल्लवी डोळे मिटून पडली होती, तिने पाहिलं नाही.

दादा-वहिनी मिळेल त्या गाडीने आले. वहिनीने पोरीच्या कपाळावर हात ठेवला, आणि मग माझ्याकडे वळली. रागाने नाही. तिला फक्त समजून घ्यायचं होतं. "भाऊजी, मोजे घातले होते ना तिनं?"

आता मी तिथे पोचलो. हेच ते. ट्रॉली नाही, अकोला नाही, पुलावरचं "हो"ही नाही.

मी म्हणालो, "घातले होते, वहिनी. पन मधातच काढले होते तिनं. मंग सैल राह्यले असतील."

पल्लवीने डोळे उघडले. तिने आठवून पाहिलं — मी तिच्या तोंडाकडे बघत होतो, मला ते आठवून बघणं दिसत होतं — आणि मग तिने मान हलवली. म्हणाली, "हो आई. घाईत घातले मी." आणि रडायला लागली. पाय मोडला तेव्हा ओरडली होती, पण रडली ती आता. वहिनी तिला समजावत होती, जाऊ दे, झालं ते झालं. मीही समजावत होतो. माझी चूक मी माझ्या हाताने तिच्या पदरात घातली आणि वर डोक्यावरून हात फिरवत होतो.

हाडात सळी घातली. ती नीट चालते आता. पळत नाही. पुढल्या दिवाळीनंतर ती दादा-वहिनीसोबत भट्टीवर गेली, त्याच्या पुढल्या वर्षीही गेली. पावसाळ्यात गावी असली की सकाळी पुलावर येऊन बसते आणि सरावाच्या मुलींचे फेरे मोजते. आणि दर नव्या पोरीला सांगते — मी ऐकत असतो, जवळच असतो — "माह्यासारखं करू नका. मोजे घट्ट घालत जा. मी एक डाव सैल घातले अन् घरी बसली." पोरी ऐकतात. का नाही ऐकणार? तिने भोगलंय, तिला खोटं बोलायचं कारण काय?

परवा एक नवी मुलगी फेरा अर्धवट टाकून आली आणि कठड्यावर बसली. नडगीवर अंगठा ठेवून दाबायला लागली. पल्लवीने तिला विचारलं मोजे घातले होते का, आणि मग मला म्हणाली, "काका, तुमचा जोड द्या ना हिले."

मी म्हणालो, "पळू नको. घरी जाय. उद्या तुह्या बाबाले घेऊन अकोल्याले जाऊ, हाडाचा फोटो काढू."

ती मुलगी "बरं" म्हणाली. बूट हातात घेतले आणि अनवाणी घराकडे गेली. काहून, कायले, काही विचारलं नाही. एवढंच होतं ते. एवढंसं.

पल्लवी माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "काका, तुमाले कसं समजलं?"

कुठल्याही प्रश्नावर माझ्याकडे सात उत्तरं तयार असतात, सगळं गाव सांगेल. मी म्हणालो, ऊन चढलं, चल. ती उठली, कठड्याला धरून, आधी उजवा पाय टेकवून. घराकडे निघालो. ती पुढे होती.

आज ती तिच्या घरीच आहे, दोन घरं सोडून. मी इथे बसून तुम्हाला लिहितोय, कारण तिच्यासमोर मला अजून तोंड उघडता आलेलं नाही. तिने विचारलं त्याचं उत्तर मोठं नाही. मला समजलं, कारण माझंही हाड असंच गेलं होतं, आणि मी विश्रांती घेऊन बरा झालो. तुझी नडगी पाहिली तेव्हाच मला कळलं होतं. दवाखान्यात तुझ्या पायावरचे वळ मी पाहिले होते.

तू मोजे नीट घातले होतेस, पल्लवी.